अरुणाचल प्रदेश: तिथला निसर्ग, तिथली माणसं आणि मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोहित नदीच्या काठी एका छोट्या गावात मी चार वर्षं शिकवत होते. परत आल्यापासून भेटेल तो काहीतरी विचारतोच. कुणाला तवांगला जायचंय, कुणाच्या मुलाची तिकडे बदली झालीय, कुणी कुठेतरी नाकात चकत्या घातलेल्या आजीचा फोटो पाहिलाय. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली.

अरुणाचल नेमकं केवढं आहे?

८३,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं मोठं. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत १३ लाख ८३ हजार होती, पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट, पूर्वेला म्यानमार, दक्षिणेला आसाम आणि थोडंसं नागालँड.

आकड्यांपेक्षा नकाशावरच्या नद्या बघा. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या मोठ्या नद्या डोंगर चिरत आसामच्या सपाटीकडे उतरतात आणि दोन नद्यांच्या मध्ये उंच डोंगररांगा उभ्या आहेत. त्यामुळे एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर पूर्वी खाली आसामात उतरायचं, सपाटीवरून आडवं जायचं आणि पुन्हा वर चढायचं, हाच सोयीचा रस्ता होता. अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. शेजारी असूनही माणसं शतकानुशतकं वेगळी राहिली ती यामुळे. नदी बदलली की भाषा बदलते, घराची बांधणी बदलते, देव बदलतात. हे एकदा लक्षात आलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

तिथे कोणती जमात राहते?

एक नाही. मोठ्या म्हणता येतील अशा २६ जमाती आणि त्यांच्या शंभराहून अधिक उपजमाती. ‘अरुणाचली संस्कृती’ असं एका शब्दात काही सांगता येत नाही, आणि ते सांगू पाहणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

तरी ढोबळ मांडणी करते. पश्चिमेला तवांग आणि पश्चिम कामेंग भागात मोन्पा आणि शेरदुक्पेन, तिबेटी वळणाचा बौद्ध धर्म पाळणारे. मधल्या मोठ्या पट्ट्यात न्यिशी, अपातानी, तागिन, गालो आणि आदी. हे सगळे आबोतानी या एकाच मूळपुरुषाचे वंशज मानले जातात. पूर्वेला मिश्मींचे तीन गट: इदू, दिगारू आणि मिजू. त्याखाली सपाटीजवळ खाम्ती आणि सिंगफो, हेही बौद्ध, पण थेरवादी, म्हणजे म्यानमार-थायलंडच्या वळणाचे. आणि आग्नेय कोपऱ्यात नोक्ते, वांचो, तांगसा.

तानी गटातल्या बऱ्याच कुळांत नाव ठेवायची एक रीत आहे, ती मला फार आवडते. वडिलांच्या नावाचं शेवटचं अक्षर मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. त्यामुळे नावांची साखळी तयार होते आणि जाणकार म्हातारा माणूस एका दमात पंधरा-वीस पिढ्या मागे जाऊन थेट आबोतानीपर्यंत पोचतो. वंशावळ लिहून ठेवायला कागद लागत नाही, ती नावातच ओवलेली असते.

मग ते एकमेकांशी बोलतात कोणत्या भाषेत?

हिंदीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटतं, पण न्यिशी मुलगा आणि मिश्मी मुलगी भेटले तर हिंदीतच बोलणार. पूर्वी ही जागा आसामीच्या एका सोप्या रूपाला होती. शाळा, सैन्य, बाजार आणि सिनेमा यांमुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांत हिंदी रुजली. ती त्यांची स्वतःची हिंदी आहे, लिंग-वचनाच्या जाचातून सुटलेली, ऐकायला अतिशय मोकळी. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी.

याची दुसरी बाजू दुखरी आहे. तिथे तिसाहून अधिक भाषा आहेत, बहुतेक तिबेटी-बर्मी कुळातल्या, आणि शहरातल्या घरांत मुलं आता आजीशीही हिंदीत बोलतात. माझ्या वर्गात अशी मुलं होती ज्यांना आजीचं बोलणं समजायचं, पण उत्तर देता यायचं नाही. वांचो भाषेसाठी बानवांग लोसू या तरुणाने कित्येक वर्षं खपून स्वतंत्र लिपी तयार केली आणि २०१९ मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. त्या लिपीत लिहिलेली पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाचता काहीच आलं नाही, पण तिथून पाय निघेना.

परवाना काढावा लागतो, तो का? आपलाच देश ना?

आपलाच. ‘इनर लाइन परमिट’ म्हणतात त्याला, आणि तो अरुणाचलबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला लागतो. मुळात हा १८७३ चा ब्रिटिश नियम. चहाच्या मळ्यांचा आणि व्यापाराचा बंदोबस्त हे त्यामागचं कारण होतं, डोंगरातल्या लोकांबद्दलची कळकळ नव्हे. स्वातंत्र्यानंतर मात्र त्याच नियमाचा अर्थ बदलला. बाहेरच्यांनी येऊन जमिनी घेऊ नयेत, थोड्या संख्येच्या जमाती लोंढ्यात बुडून जाऊ नयेत, यासाठी तो ठेवला गेला. तिथल्या लोकांना तो हवा आहे, अगदी ठामपणे हवा आहे. ज्या जमातीची सगळी माणसं मिळून आपल्या एखाद्या उपनगरातल्या चार सोसायट्या भरतील, तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

परवाना ऑनलाइन मिळतो, त्याचा बाऊ करू नका. त्याच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा, कारण तपासणी नाक्यावर नेटवर्क असेलच असं नाही.

तवांग भारतात कधीपासून आहे? चीन दावा का करतो?

१९१४ च्या सिमला परिषदेत ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींनी जी रेषा ठरवली ती मॅकमहोन रेषा. तिच्यानुसार तवांग दक्षिणेला, म्हणजे भारताकडे येतं. चीनने ती कधी मान्य केली नाही. रेषा कागदावर असली तरी तवांगमध्ये ल्हासाच्या वतीने करवसुली चालूच होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर राल्गनाओ खाथिंग, म्हणजे सगळ्यांचे बॉब खाथिंग, आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तिथे पोचले आणि भारताचा कारभार सुरू झाला. खाथिंग स्वतः मणिपूरचे तांगखुल नागा होते. एका डोंगरी माणसाने दुसऱ्या डोंगरी माणसांशी बोलून ते काम केलं, हे विसरू नये.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा याच वाटेने भारतात आले. तवांगजवळच्या उर्गेलिंगला सहावे दलाई लामा जन्मले होते, तेव्हा मोन्पांसाठी हे नातं फार जुनं आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चिनी सैन्याने तवांग घेतलं, नोव्हेंबरात ते पार बोमदिलापर्यंत उतरलं आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी करून मागे गेलं. पूर्वेकडे वालाँगला आपल्या सैनिकांनी तेव्हा जी झुंज दिली तिची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही. लोहितच्या काठी मात्र ती अजून ताजी आहे.

राज्याची नावं त्याच्या प्रवासाबरोबर बदलत गेली. १९५४ पासून ‘नेफा’ (नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी), २० जानेवारी १९७२ ला अरुणाचल नावाचा केंद्रशासित प्रदेश, आणि २० फेब्रुवारी १९८७ ला पूर्ण राज्य. चीन अधूनमधून इथल्या डोंगरांना आणि गावांना आपली नावं देऊन याद्या जाहीर करतो. गावातल्या लोकांकडे त्यांची स्वतःची नावं आहेत आणि ती त्या सगळ्या याद्यांहून जुनी आहेत.

सीमेपलीकडे त्यांचे नातेवाईक आहेत का?

आहेत, आणि हे समजून घेतल्याशिवाय या प्रदेशाचं दुखणं कळत नाही. सिंगफो म्हणजेच म्यानमारचे काचिन आणि चीनमधले जिंगपो. लिसू तिन्ही देशांत आहेत. तांगसा आणि वांचो यांची गावं दोन्ही अंगांना आहेत. माणसं आधी होती, रेषा नंतर आली. म्यानमारच्या हद्दीवर डोंगरी लोकांना १६ किलोमीटरपर्यंत मुक्त ये-जा करायची सवलत होती. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत, पण ज्यांच्या आत्याचं घर त्या बाजूला आहे त्यांच्याकरता हा निर्णय वेगळाच असतो.

विजयनगर हे गाव नकाशावर शोधाच. तीन बाजूंनी म्यानमार आणि चौथ्या बाजूला नामदाफाचं घनदाट जंगल. तिथे लिसू राहतात, आणि आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या गोरखा जवानांना सरकारने वसवलं, त्यांची कुटुंबं राहतात. मियाओ गावापासूनची दीडशेहून अधिक किलोमीटरची वाट कित्येक दशकं लोक पायी तुडवत होते. मीठ पाठीवरून यायचं.

रुक्मिणी अरुणाचलची होती, हे खरं का?

हा प्रश्न विदर्भातले लोक जरा चिडूनच विचारतात! आपल्या परंपरेत रुक्मिणीचं माहेर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तिथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. अरुणाचलात रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे विटांचे जुने अवशेष आहेत आणि तिथली आख्यायिका सांगते की भीष्मक राजा इथलाच. इदू मिश्मींची डोक्याभोवती गोल कापलेल्या केसांची जुनी ठेवण कृष्णाने रुक्मीचे केस कापले त्या प्रसंगाशी जोडली जाते. त्यांना ‘चुलिकाटा’ म्हणत ते त्या ठेवणीवरूनच.

माझं मत विचाराल तर, दोन गावांनी एकाच लेकीवर माहेरपणाचा हक्क सांगितला तर त्यात भांडण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इदूंच्या स्वतःच्या कथा वेगळ्या आहेत. त्या त्यांचे इगू, म्हणजे पुजारी, रात्र-रात्र गाऊन सांगतात, आणि प्रत्येक इदू माणसाला ही रुक्मिणीची जोडणी पटते असं नाही. तिथे गेलात तर आपली कथा सांगायच्या आधी त्यांची ऐका.

आणि परशुराम कुंड?

लोहित नदीवर आहे. मातृहत्येचं पाप धुताना परशुरामाच्या हाताला चिकटलेला परशू इथे सुटला अशी श्रद्धा. मकरसंक्रांतीला मोठी यात्रा भरते, देशभरातून साधू येतात. चिपळूणच्या परशुरामाला जाणाऱ्या कोकणी माणसाला इथे उभं राहिल्यावर गलबलून येतं, मलाही आलं. जुनं कुंड १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. तो ८.६ तीव्रतेचा भूकंप होता, डोंगर कोसळून नद्या अडल्या होत्या. पाणी बर्फासारखं थंड आणि ओढ जबरदस्त, साखळी धरल्याशिवाय उतरू नका.

त्यांचा धर्म कोणता?

२०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती आणि हिंदू प्रत्येकी साधारण ३० टक्के, ‘इतर’ २६ टक्के, बौद्ध जवळपास १२ टक्के. त्या ‘इतर’मध्ये मुख्यतः दोन्यी-पोलो येतं. दोन्यी म्हणजे सूर्य, पोलो म्हणजे चंद्र. आदी आणि गालो भाषांत सूर्य स्त्री आहे, आई आहे. सूर्य सगळं बघतो, म्हणून त्याच्या नावाने खोटी शपथ घ्यायची नाही. मूळ परंपरेत देऊळ नाही, मूर्ती नाही, ग्रंथ नाही. तालोम रुकबो यांनी तिला प्रार्थना, गाणी आणि सामुदायिक सभागृहं असं रूप दिलं, कारण लिखित काही नसलेला धर्म नव्या पिढीच्या हातून निसटत चालला होता.

धर्मांतर हा तिथे नाजूक विषय आहे. एकाच घरात आजी दोन्यी-पोलो, मुलगा ख्रिस्ती, सून बौद्ध असं मी पाहिलं आहे, आणि त्यांना एका चुलीभोवती जेवतानाही पाहिलं आहे. पाहुण्याने यात मत देऊ नये.

झिरोच्या अपातानी शेतीचं एवढं कौतुक का करतात?

कारण ती कौतुकाचीच आहे, आणि भातशेती कळणाऱ्या मराठी माणसाला तर ती बघून वेड लागेल.

झिरोचं खोरं साधारण पाच हजार फुटांवर आहे. चोहीकडे पाइनचे डोंगर आणि मध्ये ताटासारखी सपाट जमीन. अपातानींचे शेजारी फिरती शेती करत, आपल्याकडे सह्याद्रीत कुमरी करायचे तशी. अपातानींनी मात्र एकाच जागी राहून तीच जमीन पिढ्यानपिढ्या कसली. नांगर नाही, बैल नाही, सगळं माणसाच्या हातांनी. डोंगरातून येणारं पाणी पाटांनी अडवून खाचराखाचरांत फिरवतात आणि एका खाचरातून दुसऱ्यात जायला बांधात बांबूची किंवा लाकडाची नळी बसवतात. नळीचं तोंड वरखाली केलं की पाण्याची पातळी बदलते.

आता गंमत बघा. भाताच्या खाचरातच मासे पाळतात. मत्स्यबीज सोडतात, आणि खाचराच्या मधोमध एक चर खणलेला असतो. पाणी कमी झालं की मासे त्या चरात उतरतात. माशांच्या विष्ठेने भाताला खत मिळतं, मासे किडे खातात, आणि बाहेरून काही आणावं लागत नाही. मासे सोडायची ही पद्धत १९६० च्या दशकात रुजली, म्हणजे परंपरा नवीन गोष्ट आपलीशी करू शकते हेही इथे दिसतं. आणि बांधावर काय लावतात? नाचणी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बांधावरच बसले. पायाखाली नाचणी, समोर पाण्यात उभा भात आणि त्या भाताच्या बुडख्यांतून सळसळत जाणारा मासा. एक बाई वाकून गवत उपटत होती. तिने मान वर करून हसून विचारलं, “आपके गाँव में मछली खेत में नहीं रहता?” मी म्हटलं, आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात, पण राहत नाहीत. ती म्हणाली, “रखो ना, रहेगा.”

शेताच्या वरच्या अंगाला प्रत्येक घराची बांबूची आणि पाइनची राई असते, नीट कुंपण घातलेली. त्याच्याही वर जंगल, कारण जंगल गेलं तर पाणी जाईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी कुणी किती घ्यायचं, पाट कुणी साफ करायचा, हे गावाने ठरवलेलं असतं. जुलैच्या ५ तारखेला ‘द्री’ सण असतो, पिकावर कीड पडू नये म्हणून. आलेल्या प्रत्येकाच्या हातात काकडी ठेवतात. मार्चमधला ‘म्योको’ हा मैत्रीचा सण, खोऱ्यातल्या गावांचे तीन गट आळीपाळीने त्याचं यजमानपद करतात आणि घरोघर लोकांची रीघ लागते.

गेल्या काही वर्षांत झिरोत काँक्रीटची घरं वाढली आहेत, शिकलेली मुलं इटानगर-दिल्लीला आहेत आणि शेतात वाकायला म्हाताऱ्याच उरल्या आहेत. मला याची काळजी वाटते, कारण ही शेती पुस्तकातून शिकता येत नाही.

तिथल्या बायका नाकात चकत्या का घालत?

अपातानी स्त्रिया घालत, सगळ्या अरुणाचलातल्या नव्हे. शेजारच्या जमातींनी पळवून नेऊ नये म्हणून सुंदर मुलींना कुरूप करत, असं सर्रास सांगतात. काही आज्या मात्र सांगतात की आमच्या दृष्टीने ते सौंदर्यच होतं. १९७० च्या दशकात अपातानी तरुणांनीच पुढाकार घेऊन ही प्रथा बंद केली. चकत्या असलेल्या आज्या आता थोड्याच राहिल्या आहेत. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे लोक पाहिले की मला लाज वाटते. आधी बसा, बोला, आणि मग विचारा. नाही म्हणाल्या तर नाही.

मिथुन म्हणजे काय?

गव्याच्या कुळातला, अर्धा रानटी अर्धा माणसाळलेला धिप्पाड प्राणी, अरुणाचलचा राज्यप्राणी. तो गोठ्यात बांधत नाहीत, त्याचं दूध काढत नाहीत, त्याला नांगराला जुंपत नाहीत. जंगलात मोकळा सोडतात. कानाला विशिष्ट आकाराची खाच पाडलेली असते, त्यावरून कुणाचा ते ओळखतात. मालक महिन्या-पंधरवड्याने जंगलात जाऊन हाळी देतो आणि तळहातावर मीठ धरतो, की झाडीतून ते अवाढव्य जनावर येऊन मांजरासारखं मीठ चाटतं. लग्नात वधूमूल्य म्हणून, भांडण मिटवताना दंड म्हणून आणि सणाला बळी म्हणून मिथुनच लागतो. श्रीमंती मोजायची ती यावर.

ते सगळं शिकार करून संपवतात, असं ऐकलं. खरं का?

शिकार ही तिथल्या जगण्याचा भाग होती आणि काही प्रमाणात आहे. बंदुका आल्यावर तिने नुकसान केलं, हेही खरं. पण ‘संपवतात’ म्हणणाऱ्याने पुढची हकीकत ऐकावी.

न्यिशी पुरुषांच्या पारंपरिक वेताच्या टोपीवर महाधनेशाची चोच असते. दक्षिण कोकणातही हा पक्षी दिसतो. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर चोचीने बारीक फटीतून तिला व पिलाला फळं भरवतो. नर मारला गेला तर सगळं घरटंच मरतं. पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या न्यिशी गावबुढ्यांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, शिकारीवर बंदी घातली, टोपीला फायबरची चोच लावायला सुरुवात झाली आणि २०१२ पासून गावातलेच लोक, त्यांत पूर्वीचे शिकारीही, धनेशाची घरटी राखतात. त्यासाठीचे पैसे शहरातले लोक एकेक घरटं दत्तक घेऊन देतात.

दुसरी गोष्ट ईगलनेस्ट अभयारण्याजवळची, आणि तिचा धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांना १९९५ मध्ये तिथे एक अनोळखी पक्षी दिसला. पुन्हा सापडायला २००५ उजाडलं. २००६ मध्ये जगापुढे ही नवी जात म्हणून मांडताना त्यांनी नमुना म्हणून पक्षी मारला नाही. इतके थोडे पक्षी असताना एकही कमी करणं त्यांना योग्य वाटलं नाही. पिसं, फोटो आणि आवाज एवढ्यावर वर्णन केलं. नाव दिलं ‘बुगुन लिओसिक्ला’, तिथल्या बुगुन जमातीवरून. आणि त्या छोट्या जमातीने २०१७ मध्ये आपल्या मालकीचं सतरा चौरस किलोमीटर जंगल त्या पक्ष्यासाठी राखीव केलं. मूठभर माणसांनी मूठभर पक्ष्यांसाठी.

दिबांगमधले इदू तर वाघाला भाऊ मानतात. वाघ मारणं म्हणजे माणूस मारणं, आणि चुकून घडलं तर माणसासारखे विधी करावे लागतात. तिथे ३,६३० मीटर उंचीवर, बर्फात, वाघाचा फोटो कॅमेऱ्यात आला आहे. इदू बायका तर मासे, पक्षी आणि उंदरांच्या जातीचे प्राणी सोडून मांस खातच नाहीत.

जेवायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं काय होईल?

उपाशी राहणार नाही. भात, उकडलेल्या पालेभाज्या, आलं, जहाल मिरची हा पाया. तेल-मसाला जवळजवळ नाहीच, तो विसरून चव घ्यायला शिकावं लागतं. बांबूचे कोंब आंबवून सगळ्यात घालतात. आपल्याकडे झाडीपट्टीत वास्ते खातात त्यांना हा वास ओळखीचा वाटेल. मांस चुलीवरच्या माचावर धुरावून ठेवतात, महिनोन्‌महिने टिकतं. तवांगकडे याकच्या लोण्याचा खारट चहा मिळतो. त्याला चहा न म्हणता पातळ सूप समजून प्या, म्हणजे आवडेल. अपोंग, म्हणजे तांदळाची घरगुती बिअर, घरोघर असते आणि नको असेल तर नम्रपणे ओठाला लावून परत द्यावी.

सिंगफोंचा चहा मात्र चुकवू नका. पानं भाजून बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवर धुरात ठेवतात. हव्या तेव्हा आतला चहाचा दांडका कापून चकती उकळायची. इंग्रजांनी आसामात चहाचे मळे घालायच्या आधीपासून हे लोक चहा पीत होते.

धरणांवरून काय चाललं आहे?

सियांग म्हणजे तिबेटातून येणारी यार्लुंग त्सांगपो. पुढे दिबांग आणि लोहित मिळाल्या की तिची ब्रह्मपुत्रा होते. वरच्या अंगाला चीनने प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम २०२५ मध्ये सुरू केलं. त्याला उत्तर म्हणून सियांगवर अकरा हजार मेगावॉटच्या आसपासचा प्रकल्प आणायचा विचार आपल्याकडे आहे, आणि सियांगकाठचे आदी शेतकरी त्याला विरोध करत आहेत. २००० च्या जूनमध्ये तिबेटात दरड कोसळून साचलेलं पाणी फुटलं आणि सियांगवरचे पूल वाहून गेले. त्यामुळे वरच्या पाण्याची भीती त्यांनाही आहे. पण ज्या खाचरांत पूर्वज पुरले आहेत ती पाण्याखाली घालायची का, हे ठरवताना त्यांना विचारायला हवं. आपण कोयनेची विस्थापित गावं पाहिली आहेत. मला त्यांचं म्हणणं परकं वाटत नाही.

मराठी माणसांचा तिथे काही संबंध आहे का?

आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी उभारलेल्या विवेकानंद केंद्राच्या शाळा अरुणाचलात १९७७ पासून आहेत. सैन्यातले तर कितीतरी. आणि राज्यपुष्प? ज्याला आसामात कपौ म्हणतात आणि आपण सह्याद्रीत सीतेची वेणी म्हणतो, तेच.

कधी जावं?

ऑक्टोबर ते एप्रिल. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि एकेक रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. तवांगसाठी सेला बोगदा मार्च २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यातली खिंडीची धास्ती कमी झाली आहे. इटानगरजवळ होलोंगीचा दोन्यी-पोलो विमानतळ २०२२ पासून आहे. एका फेरीत एकच खोरं बघा. डिसेंबरात लोहितकाठी साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा दिवसाचा हिशेब पहाटे पाचपासून करा. तिथलं डाँग हे गाव देशातल्या पहिल्या सूर्योदयासाठी ओळखलं जातं.

तिथल्या माणसांशी बोलताना काय टाळावं?

“तुम्ही भारतीय दिसत नाही” हे वाक्य. कितीही प्रेमाने म्हटलं तरी ते लागतं. लोहितकाठी शाळकरी पोरंसुद्धा रस्त्यात भेटली की ‘जय हिंद’ म्हणतात, नमस्काराच्या जागी.

माझी एक विद्यार्थिनी शिकायला पुण्यात आली. पहिल्या रात्री एका लॉजवर तिच्याकडे पासपोर्ट मागितला. तिने आधार कार्ड दिलं, ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली तेव्हा गप्प गप्प होती. माझ्या आईला हिंदी जेमतेमच येतं. तिने पानात भाकरी वाढता वाढता विचारलं, “बाळा, तुमचा गाव किस नदी पे है?” पोरीने मान वर केली. “लोहित, आजी,” म्हणाली, आणि मग पुराच्या, झुलत्या पुलाच्या आणि तिच्या बाबांच्या मिथुनांच्या गोष्टी सांगत भाकरी गार होईपर्यंत बोलत राहिली.